देणगी, धोका आणि हिशेब : विश्वस्तांसाठी व कुटुंबांसाठी एक पाठ

महोत्सवी स्मरणिकेत संस्थापकांच्या आठवणी असतात, जुनी छायाचित्रे असतात, दात्यांची यादी असते. तेथे जमाखर्चावरचा लेख कोण वाचणार, असा प्रश्न संपादक मंडळींनी आम्हांस विचारला. त्यावर आमचे उत्तर साधे होते. ताटात मीठ पहिल्याने वाढतात. त्याची वाखाणणी कोणी करीत नाही, पण ते नसले तर सारी पंगत अळणी होते. संस्थेच्या हिशेबाचे तसेच आहे. म्हणून या आनंदाच्या प्रसंगी थोडे मीठ वाढण्याचे काम आम्ही पत्करले आहे.

आपल्या बडोद्यातील मराठी मंडळींच्या संस्थांना एक काळ असा होता की पैशाची फारशी विवंचना नव्हती. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८७५ ते १९३९ एवढा दीर्घकाळ राज्य केले आणि विद्येच्या कामास सढळ आश्रय दिला. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य झाले. राजाश्रय गेला, आणि संस्था लोकाश्रयावर उभ्या राहिल्या. लोकाश्रय म्हणजे दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा येथील घराघरांतून गोळा होणारी वर्गणी. राजाला हिशेब एकदा द्यावा लागे. लोकांना तो दर वर्षी द्यावा लागतो, आणि एकेका घराला द्यावा लागतो. हा फरक ज्यांच्या ध्यानात आला त्या संस्था टिकल्या.

एका पावतीची गोष्ट

दुसऱ्यांस उपदेश करण्याआधी आमची स्वतःची चूक सांगतो.

२००७ साली पावसाळ्यानंतर एक बाई कार्यालयात आल्या. त्यांचे वडील वारले होते. कागदपत्रे आवरताना त्यांना आपल्या संस्थेची १९८८ सालची एक पावती सापडली. रक्कम ११,००० रुपये. बाईंनी अगदी शांतपणे विचारले, "बाबांनी हे पैसे वडील नसलेल्या मुलींच्या शिक्षणासाठी दिले होते. दर वर्षी एका मुलीला पुस्तके मिळतील, असे ते आम्हांला सांगत. आजवर किती मुलींना मिळाली, एवढेच मला कळले तर बरे वाटेल."

आम्ही पावती पाहिली. तिच्यावर 'देणगी' एवढाच शब्द होता. खतावणी पाहिली. रक्कम साधारण निधीत जमा होती. मग जुनी इतिवृत्ते काढली. त्या महिन्याच्या सभेच्या इतिवृत्तात एक ओळ सापडली की सदर गृहस्थांनी मुलींच्या शिक्षणासाठी रक्कम दिली, त्यांचे आभार. त्याच वर्षी सभागृहाचे छप्पर गळत होते, आणि ते पैसे छपरास लागले. कोणी एक पैसा खाल्ला नव्हता. खजिनदार सचोटीचे होते, छपराची दुरुस्तीही आवश्यक होती. तरीही उत्तर एकच होते : एकाही मुलीला नाही.

त्या बाई रागावल्या नाहीत. पावतीची घडी घालून त्यांनी ती पर्समध्ये ठेवली आणि आमचा निरोप घेतला. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर आम्हांस हलके वाटले असते.

पुढच्याच सभेत आम्ही ठराव केला. मुद्दल आणि बँकेच्या दराने एकोणीस वर्षांचे व्याज धरून, पूर्णांक करून ६०,००० रुपयांची वेगळी ठेव काढली, तिला त्या गृहस्थांचे नाव दिले, आणि बाईंना लेखी कळविले. २००८ पासून त्या व्याजातून दर वर्षी एका मुलीस पुस्तकांची मदत मिळते. मात्र मधल्या एकोणीस वर्षांतील मुली आम्हांला परत मिळाल्या नाहीत. प्रस्तुत लेखाचा सारा विषय या एका पावतीत आहे. निधी जमविणे, धोका ओळखणे आणि कायदा पाळणे ही तीन निरनिराळी कामे आहेत असे आपण समजतो. वस्तुतः ती एकाच कामाची तीन अंगे आहेत. दात्याने ज्या कामासाठी पैसा दिला त्या कामाला तो पोहोचविणे, हे ते काम होय.

देणगी ही ठेव आहे

आपल्या आधीच्या पिढीतील थोर मंडळींना हे पुरते ठाऊक होते. महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. त्यासाठी त्यांनी गावोगाव हिंडून लहानमोठ्या रकमा गोळा केल्या. १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू झाले, आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास १५ लाख रुपयांची देणगी देऊ केली. त्या काळी ही रक्कम केवढी मोठी होती हे सांगावयास नको. परंतु तिच्याबरोबर अटी होत्या. त्यांतली एक म्हणजे विद्यापीठास दात्याच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देणे. आजही विद्यापीठ त्याच नावाने ओळखले जाते. मोठी देणगी मोठी बांधिलकी घेऊन येते. ती स्वीकारताना अटी वाचाव्यात, पटत असतील तर लिहून घ्याव्यात, आणि मग त्या पिढ्यान् पिढ्या पाळाव्यात.

दुसरे टोक पाहा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि वसतिगृहातील मुलांसाठी मुष्टिफंडाची पद्धत पाडली. घरातील बाईने दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढावयाचे. त्या मुठीला पावती नव्हती, पण ती मूठ कोठे जाते हे गावाला डोळ्यांनी दिसत होते. तीच त्याची पावती होती. आपली संस्था गावापेक्षा मोठी झाली, सभासद दुसऱ्या शहरांत आणि परदेशांत गेले, तेव्हा डोळ्यांची जागा कागदाने घ्यावी लागते. कायदा जो कागद मागतो तो त्याचसाठी मागतो, असे समजून काम केले तर तो जाच वाटत नाही.

निधी मागताना

मागणाऱ्याने पहिल्याने हे ठरवावे की आपण कशासाठी मागतो. 'संस्थेसाठी' हे उत्तर पुरेसे नाही. आमच्या अनुभवाने तीन खाती स्पष्ट ठेवावीत, आणि पावतीपुस्तकावरही ती तीन छापावीत. साधारण देणगी, जी चालू खर्चास वापरता येते. विशिष्ट कामाची देणगी, उदाहरणार्थ शिष्यवृत्ती, औषधे, ग्रंथालय. आणि कायम निधी, ज्याचे मुद्दल ठेवून केवळ व्याज खर्चावयाचे. पावती फाडताना दात्यालाच विचारावे आणि त्याच्यासमोर खूण करावी. कायम निधीसाठी तर दात्याचे दोन ओळींचे सहीचे पत्र घ्यावेच. तशी लेखी सूचना असेल तरच ती रक्कम प्राप्तिकराच्या दृष्टीने वर्षाच्या उत्पन्नातून वेगळी धरली जाते, आणि १ एप्रिल २०२१ पासून ती कायद्याने सांगितलेल्या गुंतवणुकीत वेगळी ठेवावी लागते.

कधी असे होते की ज्या कामासाठी निधी होता ते कामच उरत नाही. अशा वेळी विश्वस्तांनी आपसांत ठराव करून तो पैसा दुसरीकडे वळवू नये. हेतू बदलण्याचा मार्ग कायद्यात आहे. तो धर्मादाय कचेरीतून आणि न्यायालयातून जातो. दाता हयात असेल तर आधी त्याच्याकडे जावे.

रोख रकमेविषयी आपल्याकडे फार गैरसमज आहेत. प्राप्तिकराच्या ज्या सवलतीस आपण 'ऐंशी जी' म्हणतो, ती २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीस मिळत नाही. हा नियम आर्थिक वर्ष २०१७–१८ पासूनचा आहे. धान्य, कपडे, पंखे अशा वस्तुरूप देणगीसही ती मिळत नाही. एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणे १ एप्रिल २०१७ पासून सर्वांनाच मना आहे, आणि घेतल्यास तेवढाच दंड आहे. शिवाय ही गोष्ट दात्यास आधी सांगावी की ज्यांनी नव्या कररचनेचा पर्याय घेतला आहे त्यांना ऐंशी जीची वजावट मिळत नाही. कित्येक कार्यकर्ते वर्गणी मागताना 'कर वाचेल' हे पहिले वाक्य बोलतात. आम्ही ते बोलणे सोडून दिले आहे. काम चांगले आहे म्हणून द्या, सवलत मिळालीच तर ती वरची दक्षिणा.

दानपेटी आणि उत्सवातील पेटी यांविषयी थोडे सांगावे लागेल. ज्या देणगीच्या दात्याचे नाव व पत्ता आपल्याजवळ नाही तिला कायदा निनावी देणगी म्हणतो. केवळ धार्मिक संस्थांचा प्रकार वेगळा, पण आपल्यासारख्या धर्मादाय संस्थेस त्यावर मर्यादा आहे. वर्षातील एकूण देणग्यांचे ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यापलीकडील निनावी देणगीवर ३० टक्के दराने कर बसतो. समजा वर्षात सर्व मिळून १२ लाख जमले आणि त्यांत निनावी १ लाख ४० हजार आहेत. १२ लाखांचे ५ टक्के म्हणजे ६० हजार. त्याहून १ लाख मोठा. म्हणजे ४० हजारांवर कर, तो १२ हजार, वर अधिभार वेगळा. एवढ्या पैशात तीन मुलांची वर्षाची पुस्तके आली असती. आळसाने नाव न लिहिल्याची ही किंमत आहे.

तिसरी गोष्ट परदेशातील आपल्या मुलांची. आज प्रत्येक घरातले कोणी ना कोणी अमेरिकेत, कॅनडात वा ऑस्ट्रेलियात आहे, आणि महोत्सव म्हटला की ती मुले प्रेमाने पैसे पाठवू इच्छितात. येथे फार जपून पाऊल टाकावे. जो मुलगा परदेशी राहतो परंतु भारताचा नागरिक आहे, त्याने आपल्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत पाठविलेली देणगी ही परदेशी देणगी धरली जात नाही. परंतु त्याने तेथले नागरिकत्व घेतले असेल तर तो कायद्याच्या दृष्टीने परदेशी स्रोत होतो, मग त्याच्याजवळ भारतीय मूळ असल्याचे कार्ड असले तरी तेच. त्याचा पैसा घेण्यासाठी परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा आगाऊ परवानगी लागते. हा कायदा प्रथम १९७६ साली झाला, सध्याचा २०१० चा आहे, आणि २०२० च्या दुरुस्तीने असा पैसा आधी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो. आपल्या संस्थेची अशी नोंदणी नाही. तेव्हा आई जरी म्हणाली की "माझ्याच पोराचे पैसे आहेत हो", तरी चिटणिसाने नम्रपणे पासपोर्ट कोणत्या देशाचा हे विचारलेच पाहिजे. याबद्दल कोणी राग मानू नये. विचारणारा आपल्या सर्वांचे रक्षण करीत असतो.

धोके कोठे असतात

धोका म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर चोर येतो. आमच्या अनुभवात संस्थेचे अधिक नुकसान विश्वासाने झाले आहे.

आमच्यातील एक जण प्रवासाला जाताना अडचण नको म्हणून कोऱ्या धनादेशांवर सह्या करून पुस्तक कार्यालयात ठेवीत असे. त्यातून काही वाईट घडले नाही. पण दोन सह्यांचा नियम आपण कशासाठी केला होता? एकाने दुसऱ्याचे काम पाहावे म्हणून. कोऱ्या धनादेशावरची सही म्हणजे न पाहता दिलेला दाखला. आता ती पद्धत बंद आहे. तसेच पावती फाडणारा, पैसे बँकेत भरणारा आणि रोजकीर्द लिहिणारा एकच असू नये. माणसे थोडी असतील तर निदान महिनाअखेर तिसऱ्याने बँकेचा उतारा आणि रोजकीर्द जुळवून खाली सही करावी. यात खजिनदारावर अविश्वास नाही. उद्या कोणी बोट दाखविले तर खजिनदाराच्या बाजूने बोलणारा हाच कागद असतो.

हल्ली फोनवरून पैसे देण्याची सोय झाली, आणि एका उत्सवात गर्दी झाली म्हणून एका उत्साही कार्यकर्त्याने स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड टेबलावर ठेवला. रात्री त्याने सारी रक्कम पैशापैशाने संस्थेस दिली. तरीही ते पैसे काही तास एका व्यक्तीच्या खात्यात होते, आणि कोणाची देणगी कोणती हे लावता लावता आमचे दोन रविवार गेले. संस्थेचा कोड संस्थेच्याच खात्याचा असावा. खर्चाचेही तसेच. मांडववाल्यास किंवा आचाऱ्यास एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिले तर कायदा तो खर्च संस्थेच्या कामासाठी झालेला मानीत नाही.

बँकेचा धोका गुजरातेतील जुन्या मंडळींना सांगावा लागत नाही. २००१ च्या मार्च महिन्यात अहमदाबादेची माधवपुरा मर्कंटाईल सहकारी बँक अडचणीत आली आणि तिच्यात ठेवी असलेल्या दुसऱ्या सहकारी बँकांचेही पैसे अडकले. २०१२ साली तिचा परवाना रद्द झाला. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर २०१९ च्या सप्टेंबरात निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांस आरंभी केवळ १,००० रुपये काढता येत होते. ठेवीच्या विम्याची मर्यादा १९६२ साली १,५०० रुपये होती, ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. ही मर्यादा एका ठेवीदारास एका बँकेत, सर्व शाखा व खाती मिळून, व्याजासकट आहे. म्हणजे संस्थेचे ३० लाख एकाच बँकेत सहा पावत्यांत असले तरी विमा ५ लाखांचाच. सहकारी बँकेत ठेव ठेवण्यास प्राप्तिकर कायद्याची हरकत नाही. पण कायद्याने मुभा दिली म्हणजे शहाणपणानेही दिली असे नाही. ओळखीचे संचालक आहेत किंवा अर्धा टक्का व्याज जास्त आहे, हे मुलींच्या पुस्तकांचा पैसा एका ठिकाणी ठेवण्यास पुरेसे कारण नव्हे.

पुराचा धोका आम्हांस २०२४ च्या ऑगस्टमध्ये कळला. विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा आमच्या कार्यालयाच्या तळमजल्यावरील कपाटाचे खालचे दोन कप्पे भिजले. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती एकमेकींना चिकटल्या. काही शाईची अक्षरे वाचता येईनात. महिला मंडळाच्या भगिनींनी ती पुस्तके पान पान सुटे करून पंख्याखाली वाळविली, म्हणून बहुतेक वाचली. २०२२ च्या नियमांनी धर्मादाय संस्थांस हिशेबाचे कागद दहा वर्षे जपण्याचा दंडक घातला. नियम नसता तरी १९८८ च्या पावतीने आम्हांस तो शिकविला होताच. आता दफ्तर वरच्या मजल्यावर आहे, आणि प्रत्येक महिन्याच्या कागदांची प्रत संगणकात व दुसऱ्या एका घरी ठेवली जाते.

दोन कचेऱ्या

आपल्या संस्थेस मुख्यतः दोन कचेऱ्यांना उत्तर द्यावे लागते, धर्मादाय आयुक्त आणि प्राप्तिकर खाते.

पहिलीचा कायदा १९५० चा, मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. त्या वेळी बडोदे मुंबई राज्यात होते, म्हणून तो आपल्याकडे आला. पुढे महाराष्ट्राने आणि गुजरातने त्यास आपापले नाव दिले. यातल्या दोन गोष्टी कुटुंबीयांनीही ध्यानात ठेवाव्यात. विश्वस्त वारला, निवृत्त झाला किंवा नवा आला, की ९० दिवसांत बदलाचा अर्ज करावयाचा असतो. आपण शोकसभा करतो, तसबिरीला हार घालतो, आणि अर्ज विसरतो. मग वीस वर्षांनी दप्तरात चार दिवंगत विश्वस्त अजून कारभार पाहात असतात आणि हयात असलेल्यांची सही बँक मानीत नाही. दुसरी गोष्ट मिळकतीची. संस्थेची स्थावर मिळकत विकणे, बदलून देणे, बक्षीस देणे, किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देणे, यांस आयुक्तांची आधी मंजुरी लागते. शेतजमिनीस ही मुदत दहा वर्षांची आहे. मंजुरीवाचून केलेला व्यवहार टिकत नाही. शहराच्या जुन्या भागातील वाडे आज बिल्डरांच्या डोळ्यांत भरतात. पूर्वजांनी समाजास दिलेली वास्तू पाच माणसांच्या सह्यांनी जाऊ नये, यासाठी हा अडसर आहे.

दुसऱ्या कचेरीचा मूळ नियम असा. धर्मादाय म्हणून करमाफी हवी तर वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के संस्थेच्या कामावर खर्च झाले पाहिजेत. उरलेले १५ टक्के राखता येतात. ८५ टक्के खर्च होत नसतील तर ठराविक कामासाठी, मुदतीत लेखी कळवून, पाच वर्षांपर्यंत रक्कम साठविता येते. दुसरा नियम असा की संस्थेचा लाभ विश्वस्तांस किंवा त्यांच्या नातलगांस होता कामा नये. विश्वस्ताच्या मुलीच्या लग्नास सभागृह फुकट दिले तर समाजात कौतुक होईल, पण करमाफी धोक्यात येईल. विश्वस्ताने इतरांप्रमाणे पूर्ण भाडे भरावे व पावती घ्यावी. देणगी म्हणून काही अधिक दिले तर उत्तमच.

तिसरी गोष्ट मुदतींची. २०२१ पासून करमाफीची नोंदणी कायमची राहिली नाही. ज्यांना त्या वर्षी पाच वर्षांची नोंदणी मिळाली तिची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत होती, आणि नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ च्या आत करावयाचा होता. २०२५ साली लहान संस्थांस, ज्यांचे उत्पन्न आधीच्या दोन्ही वर्षांत ५ कोटींच्या आत आहे, दहा वर्षांच्या नोंदणीची सोय झाली. ऐंशी जीच्या मान्यतेची मुदत मात्र स्वतंत्र पाहावी. ही तारीख चुकली तर काय होते? २०२३ च्या दुरुस्तीने असा नियम झाला की वेळेत अर्ज न करणारी संस्था धर्मादाय राहिली नाही असे समजून तिच्या सर्व मालमत्तेच्या आजच्या बाजारभावावर, देणी वजा जाता, कर आकारता येतो. पन्नास वर्षांपूर्वी काही हजारांत बांधलेल्या वास्तूचा आजचा भाव मनात आणावा. उशीर माफ करण्याचा अधिकार ऑक्टोबर २०२४ पासून आयुक्तांस आहे, पण माफी ही मागावयाची असते, ती हक्काची नसते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी जो २०२५ चा कायदा आला त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. त्यात कलमांचे आकडे बदलले. तेव्हा जुन्या पावत्यांवरील व पत्रकांवरील कलमांचा उल्लेख हिशेब तपासनिसांस दाखवून दुरुस्त करून घ्यावा.

दात्यांची यादी खात्याकडे पाठवून प्रत्येकास प्रमाणपत्र देण्याचे बंधन २०२१–२२ पासून आले. वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत ती यादी जाते. त्यात नाव किंवा क्रमांक चुकला तर दात्यास वजावट मिळत नाही आणि तो आपल्यावर नाराज होतो. म्हणून पावतीवर नाव सुवाच्य लिहावे, इतका साधा हा उपाय आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

आम्ही दर वर्षी वार्षिक सभेपूर्वी हे प्रश्न एकमेकांस विचारतो. सभासदांनीही ते आम्हांस सभेत विचारावेत, अशी विनंती आहे.

१. या वर्षी विशिष्ट कामासाठी आलेली प्रत्येक देणगी त्या कामावर खर्च झाली का, किंवा त्याच खात्यात शिल्लक आहे का?
२. कायम निधीच्या प्रत्येक रकमेमागे दात्याचे पत्र आहे का?
३. एका बँकेत ५ लाखांहून अधिक किती आहेत, आणि तेथे का आहेत?
४. बँकेचा उतारा आणि रोजकीर्द दर महिन्यास तिसऱ्या माणसाने जुळविली का?
५. विश्वस्तांच्या यादीतील सर्व नावे हयात व कार्यरत माणसांची आहेत का?
६. करमाफीची व ऐंशी जीची मुदत कोणत्या तारखेस संपते? ती तारीख निदान तीन माणसांना तोंडपाठ आहे का?
७. विश्वस्तांपैकी कोणाच्या घरच्यांस संस्थेकडून काही मिळाले का? मिळाले असल्यास कोणत्या दराने?
८. उद्या कार्यालयात पाणी शिरले तर कोणता कागद कायमचा जाईल?

यांपैकी एकाही प्रश्नास विशेष विद्या लागत नाही. घर चालविणाऱ्या कोणत्याही गृहिणीस हे समजते. आमची तर सूचना अशी की प्रत्येक कार्यकारी मंडळात निदान दोन भगिनी हिशेबाच्या कामावर असाव्यात, आणि कॉलेजात वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना सुट्टीत रोजकीर्द लिहावयास बसवावे. संस्था कशी चालते हे त्यांस भाषणांपेक्षा त्या वहीतून लवकर कळेल, आणि पुढचे चिटणीस तेथेच तयार होतील.

शेवटी त्या बाईंविषयी एक गोष्ट सांगून लेख संपवितो. शिष्यवृत्ती पुन्हा सुरू झाल्याचे पत्र गेल्यावर चार वर्षे त्यांचे काही उत्तर आले नाही. पाचव्या वर्षी त्यांनी स्वतःच्या नावे एक धनादेश पाठविला. सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी लिहिले होते की दर वर्षी आलेला हिशेब वाचला, ही रक्कमही वडिलांच्याच खात्यात घालावी. आम्ही पावती केली. या वेळी तिच्यावर 'देणगी' एवढेच लिहिले नाही. कशासाठी, ते पूर्ण ओळीत लिहिले, स्थळप्रतीवरही लिहिले, आणि इतिवृत्तात ओळ घालून खाली दोघांनी सह्या केल्या.

या महोत्सवात ज्या ज्या कुटुंबांनी संस्थेस हात दिला आहे, त्यांनी आपली पावती जपून ठेवावी. आपल्या मुलांना ती दाखवावी. आणि वीस वर्षांनी त्यांच्यापैकी कोणी ती घेऊन कार्यालयात आले, तर त्यांना त्याच दिवशी उत्तर मिळावे, इतकी खबरदारी आजच्या व उद्याच्या विश्वस्तांनी घ्यावी, हीच प्रार्थना.